गैरहजर वावर

आमच्या गाळात एक चप्पल रुतून राहिली तर दुसऱ्या दिवशी तिथं जोड सापडतो. ही थाप आहे असं मला पुष्कळांनी तोंडावर सांगितलं. पण त्यांच्यापैकी एकानंही आमच्या गाळात चप्पल रोवून पाहिलेली नाही, तेव्हा त्यांचं मी मनावर घेत नाही.

आमचं गाव शेवगाव तालुक्यात, जायकवाडी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. धरणाची भिंत खाली लांब पैठणला आहे, पण पाणी तुंबलं की त्याची शेपटी आमच्या अंगणापर्यंत येते. म्हणजे जिल्हा नगर आणि पाणी मराठवाड्याचं. वरच्या धरणांतून प्रवरेचं, मुळेचं पाणी खाली सोडायचं की नाही यावरून कोरड्या वर्षी दोन्हीकडचे लोक एकमेकांवर धावून जातात, तेव्हा आमचं गाव सकाळी एका बाजूनं भांडतं आणि दुपारी दुसऱ्या. चहा दोन्हीकडं मिळतो.

धरण बांधलं तेव्हा माझ्या सासऱ्यांची काळी जमीन पाण्याखाली गेली आणि गाव उचलून वर माळावर आणून ठेवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, चला, वावरच नाही तर खुरपणीही नाही. पण धरण बारा महिने भरलेलं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. श्रावण-भाद्रपदात वरून नद्या यायच्या, धरण फुगायचं. दिवाळी झाली की कालव्यांना पाणी सुटायचं आणि धरण पाऊल पाऊल मागं सरायचं. मागं सरताना आमची जमीन आम्हाला परत करायचं, तीही नव्या गाळाची साय चढवून. त्या ओल्या गाळात नुसतं बी टाकायचं. नांगर नको, खत नको, पाणी नको. याला गाळपेर म्हणतात. कागदावर जमीन सरकारची, पण उन्हाळ्यापुरती पुन्हा ज्याची त्याची. त्या गाळातला हरभरा असा टपोरा की सुनेनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती म्हणाली, आत्या, ही बोरं कशाला भिजत घातलीत.

आता या गाळपेरीचा एक नियम आमच्या गावात आहे. तो जुन्या माणसांनी घातलेला. संक्रांतीच्या आत ज्यानं आपलं वावर पेरलं नाही त्याचा खाडा. खाडा पडला की शेजारच्यानं ते वावर आपल्यात ओढायचं. ऐकायला दुष्ट वाटतो, पण त्यामागं कारण होतं. गाळ उघडा राहिला की त्यात लव्हाळा आणि बेशरम माजतं आणि एका वर्षात शेजारच्यालाही गिळतं. त्यामुळं आळशी माणसाला गाळ ठेवायचा नाही, असा तो हिशेब होता. आणि तो हिशेब बसायचा, कारण तेव्हा नदीला रीत होती. मार्गशीर्षात वावर उघडं पडायचंच. नियम घालणाऱ्यांना कुठं ठाऊक होतं की एक दिवस नदीच घरच्या रीती सोडून द्यायची आहे.

माझी धाकटी बहीण आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या डोंगरात दिली आहे. त्यांची भातशेती. आमच्या धरणात येणारं पुष्कळसं पाणी आधी तिच्या कौलांवर पडतं, म्हणून पावसाची खबर मला सरकारच्या आधी लागते. पूर्वी ती सांगायची, ताई, पंधरवडा झाला, उघडीप नाही, धोतरं चुलीवर वाळवतोय. बारीक, चिवट पाऊस. तो डोंगरात मुरायचा, ओढ्यांतून सावकाश उतरायचा आणि आमच्याकडं नदी पाहुण्यासारखी, हातपाय धुऊन यायची. आता तिचे फोन वेगळेच असतात. जूनमध्ये म्हणते, रोपं करपली. जुलैत म्हणते, ढग येतात, बघतात आणि जातात. मग एखाद्या दुपारी ओरडून सांगते की अंगणातलं उखळ वाहून गेलं. महिन्याभराचा पाऊस एका दुपारी. डोंगर तरी किती पिणार, त्याला ठसका लागतो. सगळं पाणी दांडगाईनं धरणांत येतं, वरची धरणं घाबरून दारं उघडतात, आणि आमच्याकडं नदी वरातीच्या बँडसारखी येते.

एका वर्षी भाद्रपद संपला तरी धरण इतकं कोरडं होतं की बगळे शेवगावच्या बसस्टँडवर येऊन उभे राहिले होते, पैठणची गाडी कधी आहे म्हणून. पुढच्या वर्षी अशी तुंबळ नदी आली की मासे आमच्या ज्वारीच्या कणसांना धक्के मारत होते. टीव्हीवाले म्हणतात, वातावरण बदललं. बदललं तर बदललं. मीही लग्नानंतर आडनाव बदललं, पण म्हणून भाकरी करायची सोडली नाही.

ज्या वर्षाचं सांगायचं आहे त्या वर्षी पाऊस दिवाळीत आला. आकाशकंदील आणि रेनकोट एकाच खुंटीला. दिवाळी झाली तरी वरून पाणी येतच होतं. धरण काठोकाठ. बरं, नुसतं भरलं असतं तरी ओसरलं असतं, पण या अवेळी पावसानं खालच्या शेतकऱ्यांची रानंही ओली होती, त्यामुळं कालव्याला पाणी सोडा म्हणून कुणी मागेचना. पाणी येतंय आणि कुणाला नकोय. ते आमच्या वावरावर मांडी घालून बसलं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला, माझं वावर पुरुषभर पाण्याखाली.

वरच्या अंगाला वावरं असणाऱ्यांची जमीन उघडी पडली होती. त्यांत आमचे चुलत भाऊजी होते. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून, पण चढाचं; वरचा तुकडा उघडा, आमच्याकडची कड अजून पाण्यात. भाऊजींबद्दल मी वाईट बोलणार नाही. माणूस गोड आहे. इतका गोड की ते बसले त्या बाजेला मुंग्या लागतात. त्यांनी हरभरा टाकून घेतला आणि एका सकाळी आमच्याकडं चहाला आले. आमच्या मालकांना म्हणाले, दादा, या वयात पाण्याकडं डोळे लावून बसायचं काही खरं नाही. मग माझ्याकडं वळले.

"वैनी, तुमी लई केलं. आता दमलात. ह्या साली खाडा पडलाच हाय, तर मी बघतो ते वावर. घरातल्या घरात ऱ्हाईल."

"भाऊजी, घरातल्या घरात म्हणजे कुणाच्या घरात?"

ते हसले आणि बशीत चहा ओतू लागले.

आमचे मालक म्हणजे 'जाऊ दे' या दोन शब्दांवर आयुष्य काढलेला माणूस. बैल गेला, जाऊ दे. मोटर जळाली, जाऊ दे. लग्नात माझ्या बापानं अंगठी दिली नाही, तेव्हाही म्हणाले होते जाऊ दे, आणि त्याच शब्दांवर मी भाळले होते. भाऊजी गेल्यावर ते म्हणाले, अगं, पाण्यात आहे ते वावर, त्यावर काय भांडायचं, जाऊ दे. मी म्हटलं, आणि पुढल्या वर्षी पाणी वेळेवर ओसरलं तर? तोवर ते भाऊजींचं झालेलं असेल. आणि आपल्या नातवानं विचारलं की आपलं वावर कोणतं, तर त्याला काय पाणी दाखवायचं? मालकांना त्या वावरातल्या विहिरीवर बापाबरोबर मोट हाकल्याचं आठवतं. माणूस जाऊ दे म्हणतो तेव्हा त्याचं काही जात नसतं असं नाही.

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी वावरापेक्षा संताप जास्त प्यारा होता. आभाळानं वेळापत्रक मोडलं, वरच्या धरणांनी दारं मोडली, खालच्या लोकांनी पाणी नाकारलं, आणि या सगळ्यांचा खाडा माझ्या नावावर?

आमच्या काठावर मासेमारी करणारे थर्माकोलचे जाड तुकडे सुतळीनं बांधून तराफे करतात. तसा एक मोडका तराफा मी मिळवला. त्याला नवे तुकडे जोडले, वर बांबूची ताटी, ताटीवर बारदान, बारदानावर काठावरचा ओला गाळ. मालक दोन दिवस लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी न बोलता सुतळीच्या गाठी घट्ट केल्या, कारण माझ्या गाठी त्यांना कधीच पसंत पडत नाहीत. मग मी त्या गाळात मेथी टाकली.

आता हे वावर माझ्या वावरावर नेऊन ठेवायचं होतं. पाण्यावर बांध दिसत नाही, पण आमच्याकडं लेकरं चालायच्या आधी खुणा शिकतात. गावची पाण्याची टाकी आणि टेकडीवरचा निंब एका रेषेत आला, आणि दुसरीकडं शाळेचा कोपरा देवळाच्या कळसाखाली गेला की तिथं खाली आमची विहीर. भाऊजींचं वावर तिच्या उजव्या हाताला. मी आणि मालक होडीनं तराफा ओढत नेला, खुणा जुळवल्या आणि दोरानं मोठा धोंडा बांधून खाली सोडला. तराफा थांबला. मी मालकांना म्हटलं, पेरणी झाली. ते म्हणाले, झाली म्हणायची.

गावात ही गोष्ट माझ्या आधी पोहोचली. देवळाच्या पारावर सगळे जमले. गावातले सर्वांत वयस्कर आबा मध्ये बसले. ते इतके म्हातारे आहेत की गोदावरी त्यांना अहोजाहो करते. भाऊजी म्हणाले, हे काही वावर नाही, ही होडी झाली. उद्या कुणी घमेल्यात कोथिंबीर लावून धरणात सोडील आणि म्हणेल माझी बागायत. लोक हसले. हसणाऱ्यांत मीही होते, कारण वाक्य चांगलं होतं.

आबांनी मला विचारलं, तुझं काय म्हणणं. मी उभी राहिले. पुष्कळ तयारी करून आले होते, ती सगळी विसरले.

"आबा, मी पेरायला वेळेवर आले हुते. बी घेऊन काठावर हुभी हुते, सगळ्या गावानं बघितलंय. मी हजर, वावर गैरहजर. खाडा कुनाचा लिवायचा?"

मग कुणीतरी मागून म्हणालं, वरून पाणी सोडलं त्याचा लिवा. दुसरा म्हणाला, ढगाचा लिवा. भाऊजींचा चेहरा साखर संपल्यासारखा झाला. ते म्हणाले, मग कुणाचाच खाडा पडायचा नाही, सगळेच पाण्याकडं बोट दाखवतील, आणि रान बेशरमानं भरून जाईल. हेही खोटं नव्हतं. भाऊजींचा हा दोष आहे, त्यांचं पुष्कळदा बरोबर असतं.

आबा बराच वेळ पायाचं बोट चोळत बसले. शेवटी म्हणाले, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. भोगीला देवळात सगळ्या घरची भाजी येते. तुझ्या वावरातली भाजी त्या दिवशी नैवेद्याच्या पानात पडली तर खाडा नाही. नाही पडली तर वावर भाऊजींचं. आणि तराफा त्याच वावरावर उभा पाहिजे, दुसरीकडं गेला तर पेरणी मोडली.

मेथी ही गरीब भाजी. कुणी काही न करताही ती उगवते. पण ती उगवली आणि पक्ष्यांना कळलं. आमच्या फुगवट्यावर हिवाळ्यात कुठकुठून पाखरं येतात. हजारो कोस उडून, समुद्र ओलांडून, पर्वत ओलांडून, आणि का, तर माझ्या चिमूटभर मेथीसाठी. पहिल्याच सकाळी मी गेले तर एक बदक तराफ्यावर माझ्याच गादीवर बसल्यासारखं बसलं होतं आणि त्यानं मला उठायला लावू नका अशा नजरेनं पाहिलं. त्या दिवसापासून मी छत्री, भाकरीचं गाठोडं आणि जुनी थाळी घेऊन रोज उजाडल्यावर तराफ्याशेजारी होडीत बसू लागले. थाळी वाजवली की पाखरं उडायची, मला दोन शिव्या द्यायची आणि परत यायची. मजेची गोष्ट म्हणजे त्याच दिवसांत भाऊजींना पक्षी आवडू लागले. ते काठावर येऊन ज्वारी उधळायचे. अगदी माझ्या तराफ्याच्या रोखानं. मी विचारलं तर म्हणाले, मुक्या जीवांना घालावं, वैनी, पुण्य लागतं. मी म्हटलं, घाला, पण गावाच्या त्या टोकाला घाला, तिकडच्या जीवांना काय तोंडं नाहीत का.

भोगी तोंडावर आली तेव्हा मेथी बोटभर झाली होती. हिरवीगार. पाण्यावर एवढंसं हिरवं काही तरंगताना पाहिलं की नजर हटत नाही. त्या दुपारी वारा सुटला. थंडीच्या दिवसांत आमच्याकडं असा वारा नसतो, पण आता कधी काय नसतं हे सांगायची सोय राहिलेली नाही. लाटा उठल्या. मी तराफ्यावर चढून बारदान दाबत होते आणि खालून दोराला हिसका बसला. दोर धोंड्यापाशी तुटला. तराफा निघाला. त्यावर मी, मेथी आणि छत्री; माझी होडी हिसक्यात सुटून लांब गेली. छत्री मिटायला हवी होती, ती मी मिटली नाही, आणि तिनं शिडाचं काम केलं. जरा आणखी वारा असता तर मी पैठणला भिंतीवर जाऊन धडकले असते आणि अधिकाऱ्यांनी मला गाळ म्हणून मोजलं असतं.

मालक काठावरून ओरडत होते. ते जाऊ दे म्हणाले नाहीत, एवढं मला ऐकू आलं. काठाला जवळ एकच होडी होती, ती भाऊजींची. ते वल्हवत निघाले. भाऊजी आयुष्यात कशासाठी घाईत आलेले मी पाहिले नव्हते, त्या दिवशी त्यांचा टॉवेल मागं पाण्यात पडला तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. माझ्यापाशी आले, दोर धरला, धापा टाकत बसले.

"वैनी, हुडीत या. ते ऱ्हाऊ द्या."

"न्हाई."

"बुडाल."

"मग मेथीसकट बुडीन. भोगीला दोघींचा निवद दाखवा."

त्यांनी कपाळाला हात लावला. वाऱ्यात, लाटांत आम्ही दोघं तिथं थोडा वेळ भांडलो. काय काय निघालं त्यात, त्यांच्या आईनं माझ्या लग्नात मानपान कमी केला तिथपासून. शेवटी वारा पडला. त्यांनी तराफा होडीला बांधला आणि ओढायला लागले. माझी बोलायची ताकद संपली होती, हे आमच्या गावात आजही कुणी खरं मानत नाही. मला एवढंच दिसत होतं की आम्ही जिथं चाललोय ते भाऊजी ठरवतायत. टाकी कुठं, निंब कुठं, हे त्यांनाही माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी तराफा चार हात उजवीकडं लावला असता तर मेथी त्यांच्या वावरात गेली असती आणि पेरणी मोडली असती. मालक लांब काठावर, त्यांना एवढं कळलं नसतं. मला कळलं असतं, पण माझं कोण ऐकणार होतं.

भाऊजींनी वल्हं आडवं धरलं. एक डोळा मिटून टाकीकडं पाहिलं. निंब टाकीमागं जाईपर्यंत होडी मागं घेतली. मग शाळेकडं पाहिलं, थोडं पुढं गेले, पुन्हा मागं आले. जसं काही सोयरिकीसाठी मुलगी पाहतायत. कळस कोपऱ्यावर आला तेव्हा त्यांनी आपल्या होडीचा लोखंडी नांगर उचलला, माझ्या तराफ्याला बांधला आणि पाण्यात सोडला. तो खाली लागल्याचा आवाज झाला. दगडावर लोखंड.

"हिरीच्या काठावर बसला," ते म्हणाले. "तुमच्या हिरीच्या."

भोगीला मी मेथी उपटली. एक जुडी झाली, तीही मोठ्या मनानं मोजली तर. आबांनी देवळात ती नाकाशी नेऊन वास घेतला आणि पाणी कुठलं म्हणून विचारलं. कुणीतरी विचारलं, तराफा मधे वाऱ्यानं हलला होता म्हणतात, त्याचं काय. मी तोंड उघडायच्या आत भाऊजी पुढं झाले आणि म्हणाले, तराफा मी स्वतःच्या हातानं वैनीच्या विहिरीवर बांधलाय, आणि खुणा पाहायला माझ्यापेक्षा बरा डोळा ज्याला असेल त्यानं आता बोलावं. मेथी पानात पडली. त्या दिवशी ती इतकी कडू लागली की आबा म्हणाले, हिला पेरणारणीचा गुण लागलाय.

पाणी फाल्गुनात ओसरलं. वावर उन्हात बाहेर आलं, ओलं, काळं, वर गाळाची नवी साय. हरभऱ्याचे दिवस कधीच सरले होते. मी मूग टाकले, थोड्या दिवसांत येणारे. आता वैशाखातही आभाळ फुटतं आणि डोंगराकडचं पाणी उभ्या पिकात शिरतं, तेव्हा पीक असं निवडायचं की नदीला ते सापडायच्या आत घरात आलेलं असेल. नदी लबाडी करणार असेल तर मीही करीन. मालक बी टाकत होते, मी पायानं झाकत होते. पलीकडं भाऊजी आपला हरभरा काढून रिकामे झाले होते. ते आमच्या नसलेल्या बांधावर येऊन उभे राहिले.

"वैनी, पुढल्या साली माझंबी समदं वावर पान्यात ऱ्हायलं तर?"

"ऱ्हाईलच. धरून चाला."

"मग काय करायचं?"

"वांगी लावायची. मेथीचा मला कंटाळा आलाय."

ते हसले. थोडं घुटमळले. मग विचारलं, तो थर्माकोल कुठून आणलात आणि किती जाडीचा. मी दुकान सांगितलं, रस्ता सांगितला, दुकानदाराशी कसं बोलायचं तेही सांगितलं. जाडी तेवढी निम्मी सांगितली.